तिसऱ्या माणसाचा रकाना

माझी थोरली पावणेतीन वर्षांची आहे आणि तिच्या मनात नसेल तर तिला जागची हलवायची कोणाची टाप नाही. आम्ही तिला फौजदार म्हणतो. आम्ही म्हणजे मी, आणि महिन्यातून दोन शनिवारी घरी येणारा तिचा बाप. धाकटी पाच महिन्यांची. ती बोचकं, कारण बाहेर पडताना तिला कापडात गुंडाळून पोटाशी बांधावी लागते. नवरा क्रेन दुरुस्त करतो. क्रेन बिघडेल तिथे जायचं ही त्याची नोकरी, आणि आमच्या घराजवळची क्रेन कधी म्हणून बिघडत नाही.

त्या गुरुवारी तीन कामं होती. बोचक्याच्या सर्दीचं औषध, दोघींचे पासपोर्ट साइझ फोटो, आणि बारा वाजायच्या आत पाळणाघरात फॉर्म. पहिली दोन राहिली असती तरी कोणाचं काही अडलं नसतं. तिसरं राहिलं तर माझी नोकरी गेली. सोमवारी मला लॅबमध्ये रुजू व्हायचं होतं. रक्त काढायचं काम आठ वर्षं केलंय मी, हात चांगला आहे माझा. लॅबने दोनदा तारीख पुढे ढकलली होती, तिसऱ्यांदा ढकलणार नाही असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. दोघींना एकत्र घेणारं पाळणाघर एकच सापडलं होतं, आणि तिथल्या बाईंनी जागा गुरुवारी दुपारी बारापर्यंत धरून ठेवली होती.

फॉर्म चार पानी होता. सगळा भरला, एक रकाना सोडून. आईवडिलांखेरीज याच शहरात राहणारी, वेळप्रसंगी मुलांना घरी नेऊ शकेल अशी एक व्यक्ती. नाव, पत्ता, फोन, मुलांशी नातं, सही.

मला माणसं नाहीत असं नाही. आई आहे, सासूबाई आहेत, दोन नणंदा, एक सख्खी बहीण, शाळेपासूनच्या मैत्रिणी. सगळ्या रात्रभराच्या प्रवासावर. या शहरात येऊन आम्हाला सात महिने झाले होते, त्यातले दोन मी पोट घेऊन काढले आणि पाच अंगावर पाजत. ओळखी करायच्या कधी? आठवडाभर तो फॉर्म फ्रीजवर चिकटवलेला होता, आणि आठवडाभर मी त्याच्याकडे न बघता फ्रीजमधलं दूध काढत होते.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "अगं, टाक की कोणाचंही नाव."

"कोणाचं?"

"समोरच्या काकू आहेत ना."

समोरच्या काकू म्हणजे आमच्या दारासमोरचं दार. सात महिन्यांत आमचं बोलणं काय झालं असेल? कचऱ्याची गाडी आली का, पाणी गेलं का, बास. साठीच्या असतील. एकट्या राहतात, दाराला आतून साखळी. तरी सकाळी मी मनाचा हिय्या केला, बोचकं बांधलं, फौजदाराला एक बूट चढवला आणि काकूंची बेल दाबली.

आता बेल मी दाबली ही चूक झाली. बेल दाबायची ती फौजदाराने, हा नियम. तिने जिन्यात अंग टाकलं आणि जे भोकाड पसरलं, ते ऐकून बोचकंही सुरू झालं. तेवढ्यात काकूंनी साखळी न काढता दार उघडलं. त्या फटीतून त्यांनी आमच्या तिघींकडे पाहिलं. कपाळावर आठी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अशा अवतारात काय सांगणार होते मी, की या दोघींची जबाबदारी घ्या?

"काही नाही हो काकू," मी म्हटलं, "चुकून वाजली बेल."

त्या "बरं" म्हणाल्या आणि दार लागलं.

मग तीन मजले उतरायचे. लिफ्ट नाही. फौजदार प्रत्येक पायरी स्वतः उतरते, आणि मध्ये आपण हात धरला तर परत वर जाऊन पहिल्यापासून सुरुवात करते. दुसऱ्या मजल्यावर तिचा पाय घसरला, मी दंड पकडला. झालं. पुन्हा वर. मी जिन्याच्या वळणावर उभी राहून छताकडे बघत दहा आकडे मोजले, ते संपले तेव्हा वीस मोजले.

औषधाच्या दुकानात गर्दी नव्हती. दुकानदार चाळिशीचा, हसतमुख, माझ्याशी नेहमी चार शब्द बोलणारा. खरं सांगायचं तर कधीकधी मी एका खेपेचं सामान दोन खेपांत आणते ते त्या चार शब्दांसाठी. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी मी पैसे दिले, औषध घेतलं, आणि हसत हसत म्हटलं, "एका फॉर्मवर ओळखीच्या माणसाची सही हवीये. तुमची घेऊ का?"

तोही हसला. "ताई, मी तुम्हाला सर्दी-खोकल्यापुरताच ओळखतो."

मीही हसले. चेष्टेत विचारलं होतं, चेष्टेत उत्तर मिळालं, त्यात त्याचा काय दोष? पण बाहेर आल्यावर बाटली हातात धरून मी दुकानाच्या पायरीवर उभीच राहिले. फौजदार म्हणाली, "आई, चल." मी म्हटलं, "थांब जरा." ती म्हणाली, "मी नाही थांबणार." आणि ती खरंच निघाली, तेव्हा तिच्यामागे पळावं लागलं.

फोटोवाल्याकडे पाऊण तास गेला. फौजदार स्टुलावर बसायला तयार, पण तोंड भिंतीकडे करून. फोटोवाला आधी गोडीत बोलला, मग चॉकलेट दाखवलं, मग घामाघूम झाला. शेवटी मी म्हटलं, "तुला जमणारच नाही सरळ बसायला, तू लहान आहेस." ती गर्रकन फिरून ताठ बसली. फोटोत ती कोणावर तरी खटला भरणार आहे अशी दिसते.

बाहेर आलो तेव्हा साडेअकरा झाले होते आणि रकाना कोराच होता.

मग मी जे केलं ते मला शोभणारं नव्हतं. पाळणाघराच्या कोपऱ्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले, फॉर्म मांडीवर घेतला आणि एक बाई तयार केली. नातं, मावशी. पत्ता आमच्याच इमारतीचा, फक्त तळमजल्याचा. नाव मनात आलं ते. सही डाव्या हाताने. फोन नंबर खरा हवा होता, तेव्हा नवऱ्याच्या जुन्या सिमकार्डाचा दिला. ते कार्ड एका जुन्या फोनमध्ये घालून मी पिशवीत ठेवते, बँकेचे मेसेज येतात म्हणून. लिहून झाल्यावर त्या मावशीकडे मी क्षणभर बघत बसले. मला ती आवडली. तळमजल्यावर राहणारी, बोलावलं की येणारी. अशी कोणी असती तर मी रोज चहाला गेले असते.

पाळणाघराच्या बाई ठेंगण्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. मागच्या खोलीत पोरं जमिनीवर ठोकळे आपटत होती. फौजदाराने मला न विचारता माझी पिशवी खांद्याला लावली होती आणि ती टेबलापाशी उभी राहून बाईंचं निरीक्षण करत होती. बाईंनी पानं उलटली, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि टेबलावरचा फोन ओढला.

"मावशींना एक फोन करून घेते. सगळ्यांचाच करते, राग मानू नका."

मी काही म्हणायच्या आत पिशवी वाजायला लागली. फौजदाराने शांतपणे हात घालून फोन काढला आणि कानाला लावला.

"हॅलो, कोण?"

बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग रिसीव्हरमध्येच म्हणाल्या, "मी पाळणाघरातून बोलतेय. मावशी आहे का?"

"नाही."

"मग कोण आहे?"

"मी आहे. बाळ आहे. आई आहे." फौजदाराने थोडा विचार केला. "आई कामात आहे. ठेवू?"

"ठेव," बाई म्हणाल्या, आणि दोघींनी फोन ठेवला.

मी बोचक्याच्या टोपीची नाडी सोडून पुन्हा बांधली. फरशी दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं होतं.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मीही तोंड सोडलं असतं आणि बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला. "हा रकाना आधी नव्हता," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांपूर्वी एका मुलाची आई येताना स्कूटरवरून पडली. शुद्धीवर नव्हती, बाप परगावी. रात्री आठपर्यंत ते पोर याच खुर्चीवर बूट घालून बसलं होतं आणि फोन कोणाला करायचा ते मला ठाऊक नव्हतं."

मी म्हटलं, "इथे माझं कोणी नाही."

सात महिन्यांत हे मी मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं. आईला रोज फोनवर सांगत होते, छान आहे गं इथे, शेजार चांगला आहे.

"कोणाकडे मागितलंत का?"

"मागितलं."

त्यांनी फॉर्मवरच्या मावशीवर पुन्हा बोट ठेवलं. मला राग आला, मग तो राग कुठे टाकावा ते कळेना. "नाही," मी म्हटलं, "नीट नाही मागितलं."

त्यांनी रकान्यावर आडवी रेघ मारली, खाली मोकळी जागा होती तिथे फुली केली आणि फॉर्म परत दिला. "चारपर्यंत थांबते. त्यापुढे नाही थांबता येणार, यादीत अजून दोघे आहेत."

घरी येताना मी रस्ताभर फौजदाराला बोलत होते. कशाला फोन घेतलास, कशाला पिशवी घेतलीस, तुला कोणी सांगितलं होतं. ती एका शब्दाला दोन शब्द परत करत होती. पण मला मनातून ठाऊक होतं, ती बिचारी खरंच बोलली होती. रकान्यात खोटं लिहिलं ते मी. आणि त्यातून एक भलतंच डोक्यात शिरलं. मी न्हाणीघरात घसरून पडले, तर या दोघी दाराआड रडत राहतील. नवरा शनिवारी येईल, तोही पुढच्या. मी भराभर चालायला लागले, नोकरीसाठी नव्हे.

तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा बोचकं झोपलं होतं. मी फौजदाराला उचललं आणि काकूंची बेल तिला दाबू दिली. तिने पाच वेळा दाबली.

दार साखळीइतकं उघडलं.

"काकू, सकाळी बेल चुकून नव्हती वाजली," मी म्हटलं. आवाज फाटत होता, फाटू दिला. "मला या शहरात कोणी नाही. मुलींना पाळणाघरात घालायचंय, मला काही झालं तर त्यांना घेऊन यायला एका माणसाचं नाव लिहायचंय. तुम्ही नाही म्हणालात तर मी समजू शकते. पण विचारायला दुसरं दार नाही माझ्याकडे."

दार बंद झालं. मग साखळी निघाल्याचा आवाज आला आणि ते सताड उघडलं. काकूंनी हात पुसून फॉर्म घेतला, भिंतीला टेकवून उभ्या उभ्या वाचला, आतून पेन आणलं आणि एकेक अक्षर कोरत लिहिलं. नात्याच्या जागी त्यांनी मला न विचारता आजी लिहिलं. तोवर फौजदार खाली उतरून, त्यांच्या बाजूने आत जाऊन खुर्चीवर बसली होती.

"एवढंच होतं तर सात महिने का थांबलात?" काकू म्हणाल्या. "मी आपली मुद्दाम येत नव्हते. भिंतीतून सगळं ऐकू येतं मला. दिवसभर बोलणं चालू असतं तुमच्याकडे, भांडणं काय, समजुती काय. पुरुषमाणसाचाही आवाज असतो. म्हटलं, भरलेलं घर आहे, आपण कशाला मध्ये जा. आहात तरी किती जण?"

"मी आणि या दोघी."

"अहो, पण मग तो दरडावून बोलणारा कोण?"

"मीच," मी म्हटलं. "ही माझं ऐकत नाही म्हणून तिच्या बाबांचा आवाज काढते."

काकूंनी पेनाला टोपण लावलं. "आणि संध्याकाळी ते कोणीतरी विचारत असतं, आज काय काय केलंस, दमलीस का गं?"

मी झोपलेल्या बोचक्याची टोपी सारखी केली.

"तीपण मीच. मलाच विचारते."