अडतीस ठोके

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात वडिलांना बोलायला फारसा दम उरला नव्हता, पण मोजायची सवय काही सुटली नव्हती. खाटेशेजारचं यंत्र टिकटिकत राही आणि पांघरुणावर त्यांचं बोट हलत राही.

"किती झाले, बाबा?" लेक विचारायची.

"पंप मंद चाललाय. बघायला सांग कुणाला तरी."

नर्सला वाटायचं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. लेकीला ठाऊक होतं, भ्रमबिम काही नाही. माणूस कामावर आहे.

कॉलेजच्या तरणतलावावर त्यांनी एकतीस वर्षं पाणी राखलं. पोरं त्यांना पाणीकाका म्हणत. दर दोन तासांनी बाटलीत तलावाचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे पाच थेंब टाकायचे, रंग पाहायचा आणि नोंदवहीत लिहायचं: वेळ, क्लोरीन, तापमान, पाण्यात माणसं किती. शेवटचा रकाना शेऱ्याचा. पानांना छापील क्रमांक होते आणि खाली कार्बन. दर शनिवारी वरची प्रत आरोग्य खात्याकडे जायची. इतर तलावांच्या वह्यांत शेऱ्याचा रकाना कोरा असे. वडिलांच्या वहीत तो भरलेला असे. "एक बेडूक, जिवंत, बाहेर सोडला." "भूगोलाच्या प्राध्यापकांची कवळी सापडली, परत केली." लोक पोट धरून हसत. "रकाना दिलाय तर भरायचा," एवढंच ते म्हणत.

भिंतीवरचं घड्याळ दमट हवेनं वर्षातून आठ महिने आजारी असायचं, म्हणून ते वेळ मोजायचे पंपाच्या ठोक्यांवर. मिनिटाला सत्तर. लेकीला पोहायला शिकवलं तेही तसंच. पाच वर्षांची पोर पाण्यावर पालथी, तिच्या पोटाखाली त्यांचा तळहात. "पंप ऐक. दहा ठोके तोंड पाण्यात, मग वर." पुढे ती त्याच कॉलेजच्या संघात आली, मैत्रिणी तिला मासोळी म्हणू लागल्या, पण मोजणं तेच राहिलं. शर्यतीत बाकीच्या मुली जीव खाऊन हात मारत, आणि हिच्या कानात पंप वाजत असे.

संघाचे प्रशिक्षक म्हणजे सर. काचेच्या कपाटातले सगळे चषक त्यांच्याच काळातले, म्हणून त्यांच्यापुढे संचालकसुद्धा आवाज खाली आणून बोलत. "सर कडक आहेत," असं सगळे म्हणत. त्या तीन शब्दांत बरंच काही मावायचं. पोटरीवरचे पट्टीचे वळ मावायचे, वजन अर्धा किलो वाढलं म्हणून दिवसभर उपाशी ठेवलेली मुलगी मावायची.

त्या बुधवारी चारच्या सरावाला चिमणी दोनदा वळण चुकली. चिमणी संघातली सगळ्यांत लहान, पहिल्या वर्षाची. सर काठावर गुडघा टेकून बसले, जणू काही समजावून सांगणार आहेत, आणि त्यांनी तिचं डोकं धरून पाण्याखाली दाबलं. लेक शेजारच्या पट्ट्यात काठ धरून थांबली होती. चिमणीचे हात पाण्यावर आपटत होते. मग ते आपटायचे थांबले.

"सोडा तिला! अहो, सोडा!"

तलावाच्या पलीकडच्या टोकाकडून वडील धावत होते. ओल्या फरशीवर कुणालाही धावू न देणारा माणूस रबरी चपलांनी घसरत, सावरत धावत होता. ते पोचायच्या आत सरांनी हात काढला. चिमणी वर आली आणि काठावर ओकली. वडिलांनी तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि तिचा श्वास जागेवर येईपर्यंत शेजारी बसून राहिले.

"काका, तुमचं काम पाण्याचं," सर हसून म्हणाले.

"हो ना," वडील म्हणाले. "ती पाण्यातच होती."

अकरा मुलींनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. मासोळीनंही.

संध्याकाळी घरी आईनं ताटं वाढली. वडिलांनी घास न घेताच विचारलं, "तू तिसऱ्या पट्ट्यात होतीस ना?"

"होते. पण माझं लक्ष नव्हतं." तिनं पाण्याचा पेला उचलला. राष्ट्रीय स्पर्धेचा संघ सोमवारी जाहीर व्हायचा होता आणि यादीत तिचं नाव सर स्वतःच्या हातानं लिहिणार होते. सहा वर्षं पहाटे उठली होती ती या यादीसाठी.

वडिलांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. आईच बोलली. "तुम्ही काय लिहून ठेवलंत ते शिपाई सांगून गेलाय. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"मासा नाही गं तो," वडील म्हणाले. "आणि पाणी माझ्या ताब्यात आहे."

"पोरीचा तरी विचार करा!"

"केला. म्हणूनच तर घास उतरत नाही."

शुक्रवारी दुपारी वडिलांना आणि लेकीला संचालकांच्या खोलीत बोलावणं आलं. शनिवार एका दिवसावर होता. बुधवारचं पान आत्ताच रद्द झालं तरच आरोग्य खात्याकडे जाणारी प्रत थांबणार होती. पंख्याखाली संचालक, बाजूला सर, कोपऱ्यात टिपण घ्यायला कार्यालयातल्या बाई. वडील उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नव्हते, कारण पँट ओली होती आणि खुर्ची कापडी होती. टेबलावर नोंदवही मिटून ठेवलेली. तिच्या शेजारी टाइप केलेला एक कागद: 'बुधवारच्या सरावात कोणताही अनुचित प्रकार आम्ही पाहिलेला नाही.' खाली अकरा सह्या. पहिलीच चिमणीची, कापऱ्या अक्षरातली. बारावी जागा रिकामी.

"ये मासोळी," सर म्हणाले. "सही कर आणि पळ. सराव आहे."

तिनं पेन हातात घेतलं. वडिलांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. खिडकीबाहेर बघत होते, मुद्दाम. आपल्या नजरेचंसुद्धा ओझं पोरीवर पडू नये म्हणून. हे तिला कळलं आणि पेन जड झालं.

"सगळ्यांनी केलीय," संचालक समजुतीनं म्हणाले. "तू तर शेजारीच होतीस. तू काही पाहिलंस का? नाही ना? मग झालं."

"पाहिलं," ती म्हणाली.

तिनं पेन टेबलावर ठेवलं.

"सरांनी तिचं डोकं पाण्याखाली धरलं. अडतीस ठोके."

"ठोके?" संचालकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कसले ठोके?" त्यांनी नोंदवही उघडली, बोट फिरवलं आणि मोठ्यानं वाचलं, "'दुपारी चार वाजून दहा. प्रशिक्षकांनी मुलीचे डोके पाण्याखाली दाबून धरले. अडतीस सेकंद.' इथे तर सेकंद आहेत!"

वडील खिडकीपासून वळले. चेहरा कसनुसा झाला होता. "चूक माझी, साहेब. मोजले ठोकेच. घाईत सेकंद लिहून बसलो. अडतीस ठोके म्हणजे बत्तीस-तेहतीस सेकंद होतात. ज्यादा लिहिलं गेलं. दुरुस्त करतो." आणि त्यांनी खरोखर पुढे येऊन, मूळ शब्द वाचता येईल अशी एकच रेघ मारली, वर 'ठोके' लिहिलं, सही केली, तारीख घातली. ज्यांच्याविरुद्ध लिहिलं त्यांच्यावर पाच सेकंदांचाही अन्याय नको.

सरांना तेच हवं होतं. "बघा! याला मोजता येत नाही, लिहिता येत नाही. आणि बापलेकीनं घरी बसून आकडा जुळवलाय, उघड आहे."

तेव्हा कोपऱ्यातल्या बाईंनी टिपणावरून मान वर केली. तीस वर्षांत त्या खोलीत त्यांनी आपणहून शब्द काढल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"घरी बसून जुळवलं असतं ना, साहेब, तर शब्दही जुळला असता," त्या म्हणाल्या. आणि पुन्हा लिहू लागल्या.

संचालक बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसले. मग त्यांनी नोंदवही मिटून वडिलांच्या हातात दिली.

शनिवारी प्रत गेली. सोमवारी चिमणी आपल्या आईला घेऊन आली आणि तिनं आपली सही मागे घेतली. तिच्यामागून आणखी चौघींनी. महिन्याभरात सरांना कॉलेज सोडावं लागलं. त्या वर्षी संघ राष्ट्रीय स्पर्धेला गेलाच नाही, आणि त्याबद्दल मासोळीशी कितीतरी दिवस कुणी धड बोललं नाही. वडिलांना बागेच्या नळांवर टाकलं. दोन वर्षांत तलावाला शेवाळ आलं तेव्हा मुकाट्यानं परत बोलावलं. या सगळ्याबद्दल त्यांनी कधी कुणाकडे चकार शब्द काढला नाही. वडील गेल्याचं कळल्यावर चिमणी दोन तासांचा प्रवास करून आली, तिच्या लहानग्या मुलीला घेऊन. मुलगी पोहायला शिकतेय, एवढंच म्हणाली.

पण लेकीच्या मनात राहिलाय तो त्या शुक्रवारचा जिना. ते पुढे, ती मागे.

"बाबा, परवा मी खोटं बोलले."

"हं."

"तुम्हाला माहीत होतं. मग माझं नाव का नाही सांगितलंत? साक्षीदार म्हणून?"

ते एक पायरी खाली थांबले. "मी माझं लिहिलं. तुझं मी कसं लिहिणार?"

"आणि मी सही केली असती तर?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, उगाच धीर द्यायचा म्हणून बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"तर वाईट वाटलं असतं," ते म्हणाले. "जेवायला वाढलं असतंच."

खाली पंप चालू होता. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं, नोंदवही काखेत सरकवली आणि खिशातली बाटली काढून तिच्या हातात दिली.

"चल. चारचं पाणी बघायचं राहिलंय."