राखेच्या मडक्याची काळजी

मित्रांनो, मी एक जुने मडके आहे आणि माझ्या बुडाला भोक आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. मागाहून कळले की लोक हळहळतात.

माझा जन्म कल्याणच्या कुंभारवाड्यात झाला. माझी भावंडे पाणी भरायला चांगल्या घरी पडली. माझ्या ओल्या बुडात मात्र दगडू कुंभाराने करंगळी खुपसली. ठाण्याच्या मॅग्डलीनबाईंनी तसेच मडके सांगितले होते. पण ठाण्याला येताना होडीतल्या प्रत्येकाने मला उचलून पाहिले आणि ‘अरेरे’ म्हटले. तेव्हापासून मला काळजी करायची सवय लागली.

मॅग्डलीनबाईंचे घर खाडीच्या काठी होते. तिथे माझ्या तळाशी काथ्या घालून वर राख दाबून भरत आणि हळूहळू पाणी ओतत. राखेतून झिरपलेले तपकिरी पाणी माझ्या भोकातून थेंबथेंब खालच्या घड्यात पडे. कातडी सोलून काढील असे ते पाणी खोबरेलात घालून शिजवले की साबण होई. दुसरे भांडे गळले की घरात ओरडा व्हायचा. मी गळायचे थांबले की व्हायचा.

सणाआधी ख्रिस्ती देवळातल्या वेदीच्या पांढऱ्या चादरी धुण्याचा मान याच घराचा होता. एका वर्षी मॅग्डलीनबाईंचे सांधे धरले. त्यांनी साबणाचे काम नव्या सुनेवर, सुझानावर सोपवले. सुझाना ‘हो आई’ म्हणाली आणि त्या दिवसापासून काळजी करायला मला सोबत मिळाली.

राख हवी केळीच्या खोडाच्या वाळलेल्या सोपटांची. सुझानाने घाईत चुलीतलीच भरली. चुलीत मात्र तेव्हा तिचा नवरा फेलिक्स याने खाडीतून तोडून आणलेले तिवराचे लाकूड जळत होते. पहिल्याच थेंबाला मला शंका आली, पण मडक्याला विचारतो कोण?

पाण्याचा जोर पाहायला त्यात अंडे सोडतात. तरंगले तर पाणी तयार. हे अंडे असे ऐटीत तरंगले की शेजारची ॲनी म्हणाली, “काय गो, याला पोहायला कोणी शिकवलं?”

सुझानाने खुशीत तेल चढवले आणि ढवळू लागली. सकाळची दुपार झाली. तेल वर, पाणी खाली. भांडण झालेल्या जावांसारखी ती दोन्ही एकमेकांना ओळख दाखवीनात.

“सण तोंडावर आलाय नि साबणाचा पत्ता नाय!” मॅग्डलीनबाई म्हणाल्या. “आता चादरी जातील ॲनीकडे. आमच्या घराचं नाव गेलं.”

“आम्ही काय मागत नाय हां,” ॲनी म्हणाली. “दिल्याच तर धुवू.”

सुझानाच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. फेलिक्सने माझ्याकडे पाहिले. “मडक्यातच खोट असंल. भोक बघ केवढं झालंय! फोडून टाकतो, नवीन आणू.” आणि त्याने मुसळ उचलले.

मला घाम फुटला. मडक्याला घाम फुटला तर लोकांना वाटते, पाझरतेय.

“थांबा जरा,” सुझाना म्हणाली.

तिने अंगणात पडलेले कोंबडीचे पीस राखेच्या पाण्यात बुडवले. पाणी जोरदार असेल तर ते पीस खाऊन टाकते, नुसती काडी उरते. हे पीस आंघोळ करून आल्यासारखे बाहेर आले. मग तिने घड्याच्या काठावरचा पांढरा थर नखाने खरवडून जिभेच्या टोकाला लावला.

“आई, हे मीठ हाय! तिवर खाऱ्या पाण्यातलं, त्याच्या राखेतपण मीठ. अंडं मिठानं तरंगलं. मडक्याचा काय दोष नाय. राख माझी चुकली.”

फेलिक्सने मुसळ खाली ठेवले.

“मीठ साबणात घालतातच गो,” मॅग्डलीनबाई म्हणाल्या. “पण शेवटी. घट्ट व्हायला.” सुनेला रागावणे आणि माफ करणे त्यांनी एवढ्यात उरकले. मग सांधे विसरून स्वतःच परसातून केळीची सोपटे ओढत आणली.

मला नव्याने भरले. पीस टाकले, काडी उरली. तेल दाटले, शेवटी मूठभर मीठ पडले आणि साबण धरला. सणाला वेदीवरच्या चादरी लखलखल्या. पाद्रीबाबांनी सुझानाची स्तुती केली. माझे नाव निघाले नाही. कोंबडी मात्र मला दुरूनच वळसा घालू लागली.

पुढे बाजारात कागदात गुंडाळलेला वासाचा साबण आला आणि मी पडवीच्या कोपऱ्यात गेले. परवा सुझानाची सून ओल्या मातीचा गोळा घेऊन माझे भोक बुजवायला बसली. मी देवाचा धावा करत होते. तेवढ्यात आतून केस पिकलेली सुझाना ओरडली, “अगो, त्याला हात लावू नको! त्यानं माझं घर राखलंय.”

मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझे नाव निघाले. म्हणून सांगते, घरातले एखादे जुने भांडे बिघडल्यासारखे वाटले तर मुसळ जरा खाली ठेवा. त्याच्यात आपण काय भरले होते, ते आधी पाहा.

गोळा अजून माझ्या शेजारीच आहे. तो पुरता वाळेपर्यंत मला काही चैन पडायचे नाही.