ससाण्याचा गड आणि अकरा कोंबड्या

गुड फ्रायडेला येशूच्या अखेरच्या दिवसाची कथा आमच्या गावात वाचत नाहीत, गातात. त्याला तिघं लागतात. एक कथा सांगतो, दुसरा रोमन सुभेदार पिलात, शिष्य पेत्र आणि आरडाओरडा करणारा जमाव होतो, आणि तिसरा खालच्या सुरात फक्त येशूचे शब्द गातो. कथा सांगणारा मी. येशूचे शब्द माझ्या थोरल्या भावाचे, फ्रीडलचे. एकतीस वर्षं हे चाललंय. नुसत्या प्रवचनात मला हमखास डुलकी लागते, पण तीच गोष्ट सुरात आली की अंगावर काटा येतो. फ्रीडल एरवी कोंबड्यांवर खेकसणारा माणूस; पण त्याने तो खर्ज लावला की मागच्या बाकावरचे द्राक्षमळेवाले हातातल्या टोप्या चुरगाळत रडतात.

अशा माणसाला मी गायकवृंदातून काढलं. कारण सांगायची लाज वाटते, म्हणून सगळंच सांगून टाकतो.

मागे आमच्या जुन्या सम्राटांच्या हॅब्सबर्ग घराण्यातल्या एका वृद्धाची अंत्ययात्रा बघायला मी व्हिएन्नाला गेलो होतो. त्यांची रीत अशी की शवपेटी आली की मठाचं दार बंद ठेवतात आणि बाहेरून काठीने ठोठावतात. आतून साधू विचारतो, कोण? बाहेरचा माणूस मृताच्या पदव्या एकामागून एक वाचतो. आतून उत्तर येतं, आम्ही नाही ओळखत. पुन्हा ठोठावतात, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला ‘एक मर्त्य, पापी माणूस’ एवढंच म्हणतात, तेव्हा दार उघडतं. मी ढसाढसा रडलो. आणि एवढं रडून घरी काय घेऊन आलो? पदव्यांची हौस.

आमची पणजी जवळच, त्याच घराण्यातल्या एका राजपुत्राच्या शिकारघरात धुणं धुवायची. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत आजोबांच्या वडिलांची जागा कोरी आहे. मला एवढं पुरलं. जुन्या तसबिरींतल्या सम्राटांची हनुवटी पुढे आलेली असते. माझीही जरा पुढे दिसू लागली होती. दातांचे डॉक्टर म्हणाले, “कवळी नीट बसलेली नाही, बदलून देतो.” मी नको म्हणालो. मग दारावर निळ्या मिन्याची पाटी लावली: लाइटनर-हॅब्सबर्ग. खऱ्या वारसांनासुद्धा आमच्या कायद्याने नावात ‘फॉन’ हा सरदारकीचा शब्द लावता येत नाही, म्हणून तो मीही सोडला. केवढा हा माझा त्याग!

तालमीत मी सगळ्यांना त्या नावाचा अर्थ समजावला. “हॅब्सबर्ग म्हणजे ससाण्याचा गड.” पंडितांचं यावर एकमत नाही, पण मला ससाणाच हवा होता.

“गड?” फ्रीडल म्हणाला. “अरे बेर्टल, आपल्या सात पिढ्यांत कोंबड्यांच्या खुराड्यापलीकडे कोणी काही बांधलेलं नाही!”

सगळे हसले. मी हनुवटी शक्य तितकी पुढे काढली आणि म्हणालो, “उद्यापासून तू येऊ नकोस.”

तो खरंच आला नाही. कोणालाच तो खर्ज जमेना. गुड फ्रायडेच्या पवित्र आठवड्यात मंगळवारी फादर म्हणाले, “राहू द्या हो एंगेलबर्ट. या वर्षी कथा वाचूनच दाखवू.” वाचून! मला रात्रभर झोप लागली नाही.

बुधवारी सकाळी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला फ्रीडलच्या दारावर थाप मारली.

“कोण?”

“गायकवृंदाचा प्रमुख, एंगेलबर्ट लाइटनर.” सवयीने तोंडातून निघून गेलं.

“नाही ओळखत.”

मी मनात हसलो. पुढचं उत्तर मी व्हिएन्नात ऐकलेलं होतंच. डोळे मिटून, छान सुरात म्हणालो, “एक पापी माणूस.”

आतून हेर्मी वहिनी म्हणाली, “बघा! नम्रपणासुद्धा राजवाड्यातूनच आणलाय.”

“पापी तर अख्खं गाव आहे,” फ्रीडल म्हणाला. “त्यातला तू कुठला?”

आता माझ्याकडे पाठ केलेलं काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, “बेर्टल. तुझ्या आखूड झालेल्या विजारी घालून शाळेत गेलेला. तुला सगळ्यांदेखत हाकलणारा. चुकलं माझं, फ्रीडल. ये ना.”

कडी सरकली. हातात बटाटा आणि सुरी घेऊन तो उभा होता. डोळे ओले दिसले, पण वहिनी मागे कांदा चिरत होती, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही.

“पाटी घेऊन ये,” तो म्हणाला. “मग गातो.”

पाटी आता त्याच्या खुराड्यावर आहे. अकरा कोंबड्या ससाण्याच्या गडात राहतात.

शुक्रवारी कथा गायली गेली. मशाली घेऊन शिपाई येशूला पकडायला बागेत येतात तिथे तो त्यांना विचारतो, कोण हवंय तुम्हाला? ते त्याचं नाव घेतात, गावाच्या नावासकट. तो फक्त म्हणतो, तो मीच. एकतीस वर्षं मी हे शेजारी उभा राहून ऐकलं होतं. फ्रीडलने गाता गाता माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं, आणि पुढची ओळ माझी आहे हे मी विसरलो.

“बेर्टल,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “गा.”

मी गायलो. कवळी मात्र अजून जुनीच आहे. एका ओळीत ती जरा घसरली.