शंभरात दोन-तीन

माझ्या आत्याला, दगडाबाईला, मरायचं नव्हतं. तिला सून हवी होती. तिचा विश्वजीत दोनदा बारावी नापास. पाचोडच्या स्टँडवर दुसऱ्याच्या गाडीला टेकून उभं राहायचं, एवढाच त्याचा धंदा. चार वर्षं त्याला कुणी पोरगी देत नव्हतं. मग आत्याच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बिघडला आणि तिचं नशीब उघडलं.

डॉक्टरांना भेटून ती थेट सिडकोत आमच्या घरी आली आणि वडिलांपुढे पदर पसरला.

"पुंडलिका, वाल बदलायचा म्हणतेत. शंभरातले दोन-तीनच उठतेत म्हनं. सायलीला माझ्या ओटीत घाल, मग मी सुखानं डोळे मिटते."

मी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला होते. म्हटलं, "आत्या, एवढे मरत नाहीत." वडिलांनी खाडकन् माझ्या मुस्काटात दिली. आयुष्यात पहिल्यांदा.

"मरणाऱ्या बाईला खोटं पाडती व्हय?"

आठव्या दिवशी मांडव पडला. आत्या खुर्चीत बसून अक्षता टाकत होती आणि दम लागल्यागत करत होती. काही दम खराही होता, ते मी नाकारत नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं आणि पाचव्या दिवशी तिनं चहात साखर कमी आहे म्हणून मला झापलं.

महिन्यानं तपासणीला गेलो, तेव्हा वडीलही होते. डॉक्टर हसून म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं, शंभरात दोन-तीन दगावतात. बाकीचे घरी जातात."

वडिलांनी आत्याकडे वळून पाहिलं.

"भ्याच्या भरात माणूस काय बी बोलतं," आत्या म्हणाली.

बाहेर आल्यावर मी वडिलांना म्हटलं, मला घरी न्या. ते म्हणाले, "आता झालं ते झालं." आत्यानं भीतीचा आवळा देऊन कोहळा काढला होता, आणि तो कोहळा मी होते. कॉलेज सुटलं ते सुटलंच.

नवा व्हॉल्व्ह धातूचा आहे. त्यात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तिला जन्मभर गोळी घ्यावी लागते; एक दिवस अर्धी, एक दिवस पूर्ण. कमी झाली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. आत्याला वाचता येत नाही आणि विश्वजीतला कंटाळा येतो. म्हणून गोळी माझ्याकडे. हे सगळं मी तिला पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगितलं, चित्र काढून.

गोळी मी बरोबरच देते. एकदाही चुकले नाही. ते तिला सांगत मात्र नाही.

रोज संध्याकाळी दिवा लावला की ती माझ्यापुढे हात पसरते. गोळी तळहातावर घेऊन बराच वेळ बघते.

"सायले, बरोबर हाय न गं माय?"

"असेल," मी म्हणते. "शंभरात दोन-तीनदा चुकतं माणूस."

मग ती गोळी गिळते. न गिळून जाते कुठं?