माईंच्या चोपन्न चौकटी

यंदा हिवाळा आला, पण थंडी पडायचं नाव घेईना. त्याबद्दल तक्रार असलेली साऱ्या गल्लीत एकच बाई होती. बाकीचे लोक पातळ कपड्यांत फिरत होते, तासाभरात वाळलेली धुणी कौतुकाने काढत होते आणि एकमेकांना 'काय छान हवा आहे' म्हणत होते. माई मात्र वरच्या खोलीत, मांडीपर्यंत प्लास्टर घातलेला डावा पाय दोन उशांवर ठेवून, त्या छान हवेला शिव्या घालत होत्या.

माईंचं वय अडुसष्ट, आणि त्यातली तीस वर्षं मधमाश्यांमागे गेलेली. घरामागच्या कुंपणाशी त्यांच्या सहा पेट्या होत्या. हिवाळ्याच्या तोंडावर मध काढून झाला, आणि रिकामी पोळी असलेल्या लाकडी चौकटी तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत रचायला त्या स्टुलावर चढल्या. स्टूल कलंडलं. स्टुलाला काही झालं नाही, माईंचं हाड मोडलं. घरात कोणी नव्हतं. तीन तास त्या फरशीवर पडून होत्या. पुढे त्यांनी त्या तीन तासांचा विषय कधी काढला नाही. मुलगा मात्र रोज काढत होता.

"आई, आता पुरे," हॉस्पिटलमधून घरी आणल्या आणल्या तो म्हणाला. "रोपवाटिकेवाला सगळ्या पेट्या न्यायला तयार आहे. नीट सांभाळेल तो."

"माझ्या चोपन्न चौकटी खाली तयार आहेत. त्या आहेत तोवर हे माझ्यासमोर बोलायचं नाही."

"आणि नसत्या तर?"

"नसत्या तर मीच निरोप धाडला असता त्याला. पण आहेत ना!"

माई बढाई मारत नव्हत्या. मेणाचं एक पोळं बांधायला माश्यांना किती दिवस लागतात आणि त्यापायी त्या किती मध खातात, हे त्यांना पाठ होतं. फुलोरा असतो तीन आठवडे. पोळं तयार मिळालं तर माशी पहिल्या दिवसापासून मध भरते. नाही मिळालं तर घर बांधता बांधता फुलं गळून जातात. चोपन्न चौकटी म्हणजे तीस वर्षांची जमवाजमव होती. जोडलेल्या पायाने आणि या वयात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणं आपल्याच्याने होणार नाही, हे माईंना कळत होतं. चौकटी टिकल्या तर माई मधमाश्यांच्या, नाहीतर पलंगाच्या.

आणि चौकटींना वैरी एकच. करड्या रंगाचं, नखाएवढं पाखरू. ते फटीत अंडी घालतं, अळ्या मेण पोखरत जातात आणि मागे चिकट जाळं आणि काळी कणी सोडतात. थंडी पडली की अळी गप्प बसते. ऊब मिळाली की तिचं फावतं. दरवर्षी माई मागच्या खोलीची खिडकी सताड उघडी ठेवायच्या, चौकटी अंतर सोडून टांगायच्या आणि बाकीचं काम थंडीवर सोपवायच्या. यंदा चौकटी टांगायच्या आधीच त्या पडल्या, आणि थंडीनेही पाठ फिरवली.

म्हणून माईंनी वरून हुकूम सोडायला सुरुवात केली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि शेळी होती त्यांचा मुलगा. त्याचं बाजारात चष्म्याचं दुकान. अर्ध्या गावाच्या डोळ्यांवर त्याने काचा चढवल्या होत्या. पण माईंच्या मते दिव्याखाली अंधार होता.

"खिडकी उघडी आहे ना?"

"आहे आई."

"चौकटी बघितल्यास?"

"बघितल्या. एकदम व्यवस्थित. जुनी पांघरुणं घातलीत मी वरून."

माई उशीवरून अर्ध्या उठल्या. "पांघरुणं? कशाला?"

"थंडी लागू नये म्हणून."

"अरे, माश्या बाहेर आहेत! आत नुसतं मेण आहे. मेणाला कसली थंडी लागते? आजच्या आज काढ ती."

"काढतो."

दुसऱ्या आठवड्यात तो बोलता बोलता म्हणाला, की चौकटींखाली थोडी काळी कणी पडली होती, ती त्याने झाडून काढली. आता फरशी आरशासारखी स्वच्छ आहे. माईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातला एक तळपाय प्लास्टरमध्ये होता, तरी गेली.

"कणी झाडायची नसते रे, कणी बघायची असते! ज्या चौकटीखाली कणी, त्या चौकटीत अळी. ती उचलायची आणि दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवायची. किती सोपं आहे! अळी अंड्यांसकट मरते."

"फ्रीजर भरलेला आहे आई. रविवारी बघू."

"कोणत्या रविवारी?"

"येत्या."

येता रविवार आला आणि गेला. पुढचाही गेला. सूनबाई सकाळ-संध्याकाळ ताट घेऊन वर यायची, उशी झटकायची, खिडकीतून बाहेर बघत म्हणायची, "माई, यंदा किती बरं आहे नाही? तुमच्या हाडाला ऊब मिळते." ती मनाने चांगली होती, पण मागच्या खोलीत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. माश्यांचं नाव काढलं तरी तिच्या अंगावर काटा यायचा. तिला काय सांगणार? माई म्हणायच्या, "हो, फार बरं आहे," आणि भिंतीकडे तोंड करायच्या.

तिसऱ्या आठवड्यापासून मुलाचं उत्तर एकच झालं. "काही नाही आई. सगळं ठीक आहे." कणी? नाही. जाळं? नाही. वास? नाही. माईंनी प्रश्न फिरवून फिरवून विचारले. पालथ्या घड्यावर पाणी. स्वतःच्या घरात, डोक्यात तीस वर्षांची अक्कल घेऊन, तेरा पायऱ्या वर अडकून पडायचं आणि ज्याला धूळ आणि कणी यांतला फरक कळत नाही त्याच्या शब्दावर विसंबायचं. रागाने त्यांना रडू यायचं. मग रडू आलं म्हणून आणखी राग यायचा.

पाचव्या आठवड्यात, एका दुपारी, खोलीतल्या पडद्यावर एक पाखरू येऊन बसलं. करडं, नखाएवढं, पंख छपरासारखे मिटलेले. माईंनी हात लांबवून त्यावर पाण्याचा पेला उपडा धरला. पाखरू आत फडफडलं. पडद्याला, पेल्याच्या काचेला त्याची करडी पूड लागली. माई ते बराच वेळ बघत राहिल्या.

घरात तेव्हा कोणी नव्हतं. मुलगा दुकानात, सून कामावर. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावून ठेवलं होतं, की जिना अजून पंधरा दिवस नाही. माईंनी त्या बाईंची मनातल्या मनात माफी मागितली, पलंगावरून खाली सरकल्या आणि जिन्याच्या तोंडाशी फतकल मारून बसल्या.

उतरायचं तंत्र लहान मुलांचं. बूड एका पायरीवर, दोन्ही हात मागे टेकवायचे, प्लास्टरचा पाय सरळ पुढे, आणि सरकायचं. पाचव्या पायरीवर त्यांचा दम गेला. आठव्या पायरीवर त्यांनी मुलाला एक शिवी दिली, दहाव्या पायरीवर स्टुलाला. तेराव्या पायरीनंतर शिव्या संपल्या होत्या. मागच्या खोलीपर्यंत त्या फरशीवरून बसूनच गेल्या.

दार ढकललं आणि त्यांना आधी ऊब लागली. खिडकी बंद होती. चौकटी जास्तीच्या रिकाम्या पेट्यांत घट्ट बसवलेल्या, त्या पेट्या दोन-दोन करून एकावर एक रचलेल्या, आणि त्यांवर दोन जाड पांघरुणं चारी बाजूंनी खोचलेली. तापलेल्या लेकराला गुंडाळावं तसं सगळं गुंडाळून ठेवलं होतं. माईंनी पांघरूण ओढलं, तशी चार-पाच पाखरं उडाली.

पहिली पेटी त्यांनी कशीबशी मांडीवर उतरवून घेतली. एक चौकट उचलायला गेल्या, तर तीन एकदम वर आल्या. जाळ्याने एकमेकींना चिकटल्या होत्या. मेणाच्या जागी राखाडी लोंबतं काहीतरी उरलं होतं आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. त्यांनी दुसरी चौकट घेतली, मग तिसरी. खालच्या पेट्या जागेवरून हलेनात. मग तोंडाशी होत्या तेवढ्या चौकटी त्यांनी ओढून काढल्या आणि पेट्या आडव्या पाडल्या. धड एका बाजूला, गेलेल्या दुसऱ्या बाजूला. गेलेल्यांचा ढीग वाढत गेला. त्यांनी दोनदा मोजलं. धड सतरा. चोपन्नातल्या सतरा.

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा माई त्या ढिगांच्या मध्ये बसल्या होत्या. तो दारातच थांबला. त्याच्या हातातली किल्ली खाली पडली.

"आई! तू इथे... खाली कशी..."

"तू आंधळा आहेस का रे?" माईंचा आवाज चढला. "जगाला चष्मे विकतोस आणि हे दिसलं नाही तुला? हे? एवढं मोठं जाळं? मी रोज विचारत होते. घसा कोरडा पडेपर्यंत विचारत होते! इतकं कसं डोक्यात शिरत नाही तुझ्या? आंधळ्या माणसाला नुसता हात लावून कळलं असतं!"

तो वाकून किल्ली उचलू लागला. त्यामुळे माई आणखी भडकल्या. पाच आठवड्यांचं सगळं बाहेर पडलं, रविवार, फ्रीजर, पांघरुणं, झाडू. शेवटी दम लागून त्या थांबल्या.

"दिसलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"मला दिसलं होतं. तिसऱ्या आठवड्यात. पांघरुणं काढायलाच आलो होतो. जाळं होतं, तू सांगितलेलं तस्संच. मी बघितलं, आणि पांघरूण परत घातलं. खिडकी पण लावली."

इतके दिवस माई त्याला आंधळा म्हणत होत्या. आता आंधळा असता तर बरं, असं त्यांना वाटलं. वेंधळ्या मुलावर ओरडता येतं.

"का?"

"त्या दिवशी दार मी उघडलं होतं, आई. तू हलत नव्हतीस. मी हाक मारली, दोनदा. तू डोळे उघडले नाहीस." तो भिंतीला टेकून खाली बसला. "आणि तूच म्हणालीस, चौकटी नसत्या तर बंद करेन."

"मग बोलायचं होतंस माझ्याशी! भीती वाटते म्हणायचं!"

"ऐकलं असतंस?"

माई ऐकणार नव्हत्या. त्या हसल्या असत्या, बापावर गेलाय घाबरट, असं सुनेला सांगितलं असतं, आणि चहा मागितला असता. पण म्हणून त्यांचा राग काही उतरला नाही. तो तिथेच होता, फक्त आता तो एकट्या मुलावर काढावा असा उरला नव्हता.

"चल, तुला वर नेतो," तो उठत म्हणाला.

"मी नंतर. आधी या." माईंनी सतरा चौकटींकडे बोट दाखवलं. "फ्रीजर रिकामा कर. मावतील तेवढ्या आत्ता, बाकीच्या परवा. आणि ती खिडकी उघड."

"आई, सतरा चौकटींत काय होणार आहे? नऊ लागतात एका पेटीला. दोन पेट्यासुद्धा भरत नाहीत."

"एक भरते. जा."

सून एव्हाना दारात येऊन उभी राहिली होती. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा सासूकडे, आणि काही न विचारता फ्रीजरमधला मटार बाहेर काढायला निघून गेली. मुलाने खिडकी उघडली. बाहेरची हवा आली, पण तीही उबदारच. माई मनातल्या मनात तिच्यावर चरफडल्या.

त्याने सहा चौकटी नेऊन ठेवल्या. परत आला तो गेलेल्या ढिगाशी थांबला. हे सगळं जाळावं लागेल, हे त्याला न सांगता कळलं असावं. तो वाकून एकेक चौकट पोत्यात भरू लागला. दहा-बारा भरल्या असतील. मग एक हातात घेऊन तो थांबला. खिडकीशी गेला, चौकट उजेडासमोर धरली, फिरवली, पुन्हा धरली. दुकानात काच तपासतो तशी. माईंनी बघितलं, पण विचारलं नाही. विचारून विचारून त्या थकल्या होत्या.

"ही गेलेली नाही," तो म्हणाला.

"जाळं आहे तिच्यावर."

"वरवरचं आहे. शेजारच्या चौकटीचं चिकटलंय." त्याने बोटाने ते जाळं खरवडून काढलं. "आत एकही भोक नाही. तुला खालून दिसलं नसेल."

"नीट बघ."

"बघितलं, आई. धड आहे." हे तो जवळजवळ रागाने म्हणाला.

माई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याला वाटलं असतं तर ती चौकट पोत्यात गेली असती आणि त्यांना जन्मात कळलं नसतं.

"म्हणजे अठरा," त्या म्हणाल्या.

"अठरा," तो म्हणाला. त्याने ती चौकट धडांच्या बाजूला नेऊन ठेवली. मग पोत्यात भरलेल्या चौकटी फरशीवर ओतल्या आणि पहिल्यापासून एकेक उचलून खिडकीशी नेऊ लागला.