बहुमताने गेलेले आबा

"आबा, तुम्ही गेलात असं छापून आलंय," लेक म्हणाली.

आबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला नाही. "कुठल्या पेपरात?"

"चारांत."

"मग गेलोच असणार." सगळी हयात फुटबॉलचे पंच म्हणून गेलेली, निर्णयावर वाद घालणं त्यांना पसंत नव्हतं. "पाचवा काय म्हणतो?"

पाचव्यात काहीच नव्हतं. त्याच्या वार्ताहराने आदल्या संध्याकाळी घरी फोन करून चाचरत विचारलं होतं, "आबा गेले का हो?" फोन घेतला होता आबांनीच. "थांबा, बघून सांगतो," म्हणून त्यांनी बिचाऱ्याला बराच वेळ ताटकळत ठेवलं होतं.

हे ऐकून लेक पोट धरून हसली. मग एकदम थांबली आणि म्हणाली, "आबा, कोट घाला. माझ्याबरोबर चला."

ती माध्यम आयोगात होती. शहरातली वर्तमानपत्रं किती हातांत आहेत ते मोजायचं, हे तिचं काम; म्हणून कचेरीत सगळे तिला मोजणीबाई म्हणत. त्या चारही पेपरांचा मालक एकच होता आणि आता त्याला पाचवाही विकत घ्यायचा होता. नावं मोजू नका, मालक मोजा, असं ती अध्यक्षांना वर्षानुवर्षं सांगत होती. पालथ्या घड्यावर पाणी. "अहो बाई, पाच पेपर म्हणजे पाच तोंडं," ते म्हणत. आज शेवटची सुनावणी होती.

मालकाचे वकील ऐटीत उभे होते. "चारही पेपर पूर्ण स्वतंत्र आहेत. प्रत्येक जण आपापली बातमी तपासून घेतो."

"आजची निधनाची बातमीही?" मोजणीबाईने विचारलं.

"अर्थात. चार-चार पेपर कसे चुकतील?"

मागच्या बाकावरून आबा उठले, कोट सारखा केला. "तो मीच. बहुमताने गेलोय."

सगळं सभागृह हसलं. अध्यक्षही हसले, पण मोजणीबाई हसत नव्हती हे पाहून गप्प झाले.

"चूक कोणाचीही होते, साहेब," ती म्हणाली. "पण जे आडात तेच पोहऱ्यात येणार. आड एकच असेल तर चार पोहरे सोडून काय उपयोग? फोन करून विचारलं ते पाचव्याने. उद्या तोही यांचाच झाला, तर आमचे आबा जिवंत आहेत हे आम्ही सांगायचं कुणाला?"

वकिलांनी कागद चाळले. मग फाइल मिटून खाली बसले.

दुपारी निकाल लागला. खरेदी नामंजूर, आणि यापुढे एका मालकाचे पेपर कितीही असोत, ते एकच धरायचे. "बाई, तुमची मोजणी लागू," अध्यक्ष म्हणाले. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं आणि तिला चारचौघांत रडू आलं. तिने ते येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी चार पेपरांत निकालाचं अवाक्षर नव्हतं. आबांबद्दल खुलासाही नव्हता. पाचव्याने बातमी छापली होती, मोजणीबाईचं नाव न घेता; वर आयोगाला जाग यायला इतकी वर्षं का लागली, म्हणून चांगलं झोडपलंही होतं. तिने ते दोनदा वाचलं, खूश होऊन.

तेवढ्यात फोन वाजला. कुणी जुना खेळाडू सांत्वनाला शब्द शोधत होता.

"नाही रे, आहे मी," आबा म्हणाले. "पेपर बदल."