काल्याचा घास

या, असे पुढं सरकून बसा. टाळ ठेवा खाली. कीर्तन आटोपलं म्हणून उठायची घाई नको. एका आईनं सूड कसा उगवला ते ऐकून जा. देवाच्या दारात सुडाची गोष्ट कशाला, असं ज्याला वाटेल त्यानं शेवटपर्यंत बसावं.

पिंपळे गुरवच्या कस्तुराचा थोरला लेक खंडू अंतर्गळानं गेला. जांघेत लिंबाएवढी गाठ. रडला की फुगायची, निजला की आत जायची. पिंपरीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. पण चुलत सासरे भिवातात्या आडवे आले. तात्या देवळातले पखवाजी, घरात त्यांचाच शब्द चाले.

"एवढ्याशा जिवाला भूल? अन् पोर उठलंच न्हाई तर?"

त्यांनी चिंधीत तांब्याचा पैसा गुंडाळून गाठीवर ठेवला आणि वरून पट्टा आवळला. गावातली अशी कितीतरी पोरं त्यांनी बांधली होती. एके दिवशी गाठ आत जाईना. खंडू हिरवं ओकायला लागला, तर तात्यांनी पट्टा आणखी आवळला. दवाखान्यात नेईपर्यंत आतडं काळं पडलं होतं.

कस्तुरानं तो पट्टा देव्हाऱ्याखाली जपून ठेवला. दिवा लावताना तिची नजर देवाआधी पट्ट्यावर जाई. देवळात पखवाज घुमला की ती दात आवळून धरी.

मग धाकट्या ज्योतीरामाला तशीच गाठ आली.

"तात्या काय म्हणतात ते तरी..." नवरा अर्जुनराव कंपनीतून येऊन टेकतो न टेकतो तोच बोलला.

"त्यांचं नाव या घरात काढू नका. माझं पोर भुलीतून उठणार, आणि त्याला मी त्यांच्या दारात चालवत नेणार. म्हाताऱ्याला तोंड लपवायला जागा उरता कामा नये."

बोलली खरी, पण डॉक्टर प्रभावतीबाईंपुढं तिनं पदर पसरला. "बाई, उठंल ना वो माझं पोर?"

"धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. थोडा असतोच. पण गाठ अडकली की केवढा असतो, ते तुम्ही पाहिलंय. भूल देणारे डॉक्टर शेवटपर्यंत उशाशी असतील. ऑपरेशन दुपारी आहे. सकाळपासून याच्या तोंडात काही जाता कामा नये. पोटातलं अन्न भुलीत वर येतं आणि श्वासात अडकतं."

नेमका तोच दिवस गावातल्या सप्ताहाच्या काल्याचा. दवाखान्यात कस्तुरा पोराला नवऱ्यापाशी बसवून ऑपरेशनचे कपडे आणायला आत गेली आणि परतली, तर बाकावर भिवातात्या! मांडीवर ज्योतीराम, हातात रिकामा द्रोण. पोराच्या ओठाला दह्यातली लाही चिकटलेली.

"काय चारलंत?"

"अगं, काल्याला कुणी खाणं म्हणतं व्हय? परसाद हाय त्यो. देवाचं नाव घेऊन दोन घास दिले."

अर्जुनराव जमिनीकडं बघत म्हणाला, "परसादाला नको कसं म्हणायचं?"

तेवढ्यात नर्स दारात आली. "पोरानं काही खाल्लं नाही ना?"

"न्हाई, काय सुदिक न्हाई," तात्या म्हणाले. त्यांच्या लेखी ते खरंच होतं.

कस्तुरानं पदरानं लाही पुसली. आज ऑपरेशन चुकलं, तर हा म्हातारा गावभर सांगेल की देवानंच अडवलं. गप्प राहिलं, तर ऑपरेशन होईल, आजच्या आज याचं तोंड काळं करता येईल. मग पोरानं तिचा अंगठा धरला.

"खाल्लंय, बाई. दही-लाह्या खाल्ल्यात."

ऑपरेशन पुढं गेलं. तात्या हसलेच. "बघ, देवानंच अडवलं!"

"देवानं न्हाई, तुम्ही. आता पुढच्या बारीला तुम्हीच यायचं. न्हाई आलात, तर खंडूचा पट्टा भर कीर्तनात तुमच्या पखवाजाला बांधीन."

तात्या आले. कस्तुरानं भुकेलं पोर त्यांच्याच मांडीवर ठेवलं. "तात्या, लाही द्या की," म्हणत ज्योतीराम रडला आणि रडता रडता गाठ टम्म फुगली. तात्यांचा हात सवयीनं दाबायला गेला.

"हात लावू नका."

पोर आत नेलं. तिनं पदराआडून पट्टा काढून तात्यांच्या हातावर ठेवला. "दार उघडेपर्यंत धरून बसा."

पैशाचा हिरवट डाग चिंधीवर तसाच होता. म्हातारा तो अंगठ्यानं पुसू लागला, डाग काही जाईना. कस्तुराला ते बघून बरं वाटलं. अगदी पोटातून बरं वाटलं.

दार उघडलं. ज्योतीराम कण्हत होता, पाणी मागत होता. तात्या हुंदका देऊन तिच्या पायाशी वाकले.

"माफ कर, पोरी."

"न्हाई करणार. रडून सुटायचं न्हाई, तात्या. आता कुणाच्या पोराला गाठ आली की हा पट्टा दाखवायचा, खंडूला कुणी मारलं ते आपल्या तोंडानं सांगायचं, आणि पोर इथं आणून सोडायचं. मरेपर्यंत."

तात्यांनी ते केलं. दर वेळी सांगताना त्यांचा आवाज फुटायचा, आणि कस्तुरा मुद्दाम ऐकायला उभी राहायची. तिनं अखेरपर्यंत माफ केलं नाही. तिला दोष देणारे आपण कोण?

घरी गेल्यावर पोरांच्या अंगावर पांघरूण घालाल, तेव्हा एवढं करा. विठ्ठलाच्या नावामागोमाग एकदा खंडूचं नाव घ्या.